ऑगस्टमधलं संत्रं

हेझल फोर्क, केंटकी
९ एप्रिल १९५३

एस्टिल,

तुला विसरायची सवय आहे, म्हणून आधी ओळख करून देते. मी ऑर्लीना. तुझ्या आईची आई. तू आठ वर्षांचा होतास तेव्हापासून तुला वाढवलं ती. आणि सगळ्यात आधी जे विसरलास ते असं की मी जिवंत आहे.

हे पत्र डेल्झा लिहून घेते आहे. पोस्टातली डेल्झा. मी बोलते, ती लिहिते. प्रार्थनाघरात ब्रदर टॅलमेज एक ओळ देतो आणि अक्षर येवो न येवो, आपण सगळे ती ओळ ओढून गातो, तसंच हे. फक्त डेल्झा माझी ओळ ओढत नाही, कापते. आत्ता मी ‘मेल्या’ म्हटलं होतं, तिने ‘एस्टिल’ लिहिलं. मला दिसतं ना, शब्द केवढा लांब झाला ते.

तर ऐक. शनिवारी संध्याकाळी तू पाठवलेला रेडिओ लावला. निवेदक म्हणाला, “आता येत आहेत डस्टी लॅरामी, टेक्सासच्या माळरानाचा आवाज!” मी मांजरीला म्हटलं, ऐक गं, आपला एस्टिल म्हणे टेक्सासचा. खेचर फुरफुरलं की हा माझ्या झग्यात तोंड लपवायचा. मग तुझा माउथऑर्गन सुरू झाला आणि मी गप्प बसले, कारण वाजवतोस तू चांगला. ते कधी नाकारलं नाही.

मग गाणं आलं. ऑर्लीना आजी मरायला टेकली आहे. ऑर्लीना आजी म्हणते, मला एक संत्रं हवं. नातू डोंगर ओलांडून जातो, संत्री घेऊन येतो, तर दारात माणसं टोप्या काढून उभी. नातू आजीच्या हातात माउथऑर्गन ठेवून तिला पुरतो. शेवटी तो पुन्हा पुन्हा म्हणतो, उशीर झाला, आजी, उशीर झाला.

लोक टाळ्या वाजवत होते रे. माझ्या मरणाला.

सोमवारी सकाळी दार वाजलं. डोंगरापलीकडची एक बाई, हातात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेल्या पिठाच्या गोळ्यांचं मोठं भांडं, डोळे लाल. मला ओळखत नव्हती. म्हणाली, “घरात कोणी आहे का?” मी म्हटलं, “प्रेतच आहे फक्त. ये आत.” ती बिचारी भांड्यासकट पायरीवर बसली. तेव्हापासून अकरा भांडी आली आहेत. शेंगा, खारवलेलं मांस, सुक्या सफरचंदाचे तीन थरांचे केक. मेल्यावर एवढं खायला मिळतं हे ठाऊक असतं तर मी मागेच मेले असते. पण भांडी परत करायची कशी? प्रत्येक भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं असतं, आणि मला त्यातलं काही कळत नाही. मी अंदाजाने दोन परत केली. आता त्या दोन घरांत बोलणं बंद आहे.

हे सगळं मी तुझ्याकडून सहन करीन. एकाच अटीवर. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, एकतीस तारखेला, आपला फुलांचा रविवार आहे. टेकडीवरच्या कबरी साफ करायच्या, फुलं ठेवायची, गायचं, तिथेच गवतावर जेवायचं. सहा वर्षं तू आला नाहीस. तुझ्या आईच्या कबरीवरचं गवत सहा वर्षं मी एकटी काढते, आणि आता गुडघा वाकत नाही. ये. टोपी घालून ये, टेक्सास घेऊन ये, काहीही कर. पण ये.

खाली फुली माझी.
×


२९ एप्रिल १९५३

एस्टिल,

पत्र मिळालं. रेशमी रुमालही मिळाला. तो मांजरीच्या टोपलीत आहे, तिला पिल्लं झाली.

डेल्झाने पत्र दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मी मध्येच उठून गेले. तू लिहितोस, “आजी, गाणं म्हणजे गाणं असतं. मी आधी आई असंच लिहिलं होतं. पण तबकड्यांच्या कंपनीचे लोक म्हणाले, या महिन्यात मरणाऱ्या आयांची चार गाणी आधीच आहेत. आजी कोणाची नाही.”

वा. म्हणजे बाजारात आया फार झाल्या म्हणून माझी पाळी आली.

तर त्या गाण्यात मुळात वेस्टा होती. माझी पोर. हे मला पहिल्या कडव्यालाच कळायला हवं होतं. तिसऱ्या कडव्याबद्दल, त्या संत्र्याबद्दल, मी काही बोलणार नाही. ते कडवं आलं की मी रेडिओ बंद करते. बॅटरी वाचते.

तू लिहितोस की लोकांना मी ‘खूप आवडते’. मेलेली माणसं सगळ्यांना आवडतात, ती उलट बोलत नाहीत. परवा मोटारीने दोन बायका आल्या, टेकडीवर जाऊन तुझ्या आजोबांच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर संत्री ठेवून गेल्या. काल एक म्हातारा, त्यानेही संत्री. मी ती डुकराला घालते. डुकराची कातडी चकचकीत झाली आहे, त्याला यंदाच्या जत्रेत बक्षीस मिळेल. मी स्वतः संत्रं खात नाही. का ते विचारू नकोस.

आणि मुलाखतीत तू सांगितलंस म्हणे की माउथऑर्गन तुला घोडे हाकणाऱ्या एका म्हाताऱ्याने शिकवला. डेल्झाने मासिकातून वाचून दाखवलं. कुठला म्हातारा? तो बाजा तुझ्या आईचा. तिच्या झग्याच्या खिशात असायचा, आणि ती गेल्यावर तू तो हातातून सोडत नव्हतास. लाकूड फुगून सूर घट्ट बसतो म्हणून माझ्या पिण्याच्या पाण्याच्या बादलीत रात्रभर भिजत ठेवायचास. सात वर्षं मी माउथऑर्गनचं पाणी प्यायले. ब्रदर टॅलमेज म्हणायचा, “ऑर्लीना मावशी, घरात वाद्य म्हणजे सैतानाला खुर्ची.” म्हणून मी तो पिठाच्या पिंपात लपवला. तू तो शोधलास, तोंडाला लावलास आणि पिठाचा ढग सोडलास. सैतानसुद्धा इतका पांढरा नसेल. मी हसले, आणि हसले म्हणून हरले.

मग तू कोल्ह्याची शिकार वाजवायला लागलास. आधी एक कुत्रा, मग तीन, मग सगळी टोळी, मग लांब डोंगरात विरत जाणारं भुंकणं. ओसरीखालची आपली खरी कुत्री उठून डोंगराकडे धावायची आणि तासाभराने तोंड पाडून परत यायची. त्या दिवशी मला कळलं की तू जाणार. जो नसलेला कोल्हा दाखवू शकतो तो खाणीत कशाला उतरेल? तुझ्या आजोबांना मी सांगितलं, याला अडवू नका. खाणीच्या फाटकाशी वाजवलंस, मग तालुक्याच्या रेडिओ स्टेशनवर पहाटे पिठाच्या जाहिरातीत वाजवलंस, मग तबकड्या काढायला नॅशव्हिलला गेलास. तिथे तुला टोपी घातली, नाव बदललं, म्हातारा दिला. मी बोलले नाही. पण आईचा बाजा दुसऱ्याचा म्हणून सांगितलास, तेवढं मला लागलं. हे वाक्य डेल्झा कापू पाहते आहे. डेल्झा, कापू नकोस.

बाजाचं एक मला नेहमी आवडलं. श्वास बाहेर सोडला तरी सूर, आत ओढला तरी सूर. तूही तसाच होतास, गिळतानासुद्धा बोलायचास. त्यामुळे तू गप्प झालास की मला कळतं, काही लपवतो आहेस. पत्रात रविवारबद्दल एक अक्षर नाही.

येणार का? हो किंवा नाही. दोन्ही शब्द लहान आहेत म्हणे.

×


१२ मे १९५३

एस्टिल,

या पत्रात शिव्या नाहीत. होत्या. डेल्झा म्हणाली, “सरकारी टपालातून असलं जात नाही.” मी म्हटलं, मग तू कोरी जागा सोड, तो समजेल. तर ही कोरी जागा:

        

तिथे काय असेल ते तुला माहीत आहे.

आता दगडाबद्दल. दोन वर्षांपूर्वी मी तुला कळवलं होतं की झऱ्यावरच्या, दूध गार ठेवायच्या खोलीच्या दाराशी चिखल होतो, दूध आणायला जाताना मी घसरते, एखादा चांगला चपटा दगड पाठव. तू विसरलास. मग गेल्या महिन्याच्या तीस तारखेला एक ट्रक आला. दोन माणसं, पट्ट्यांनी बांधलेला दगड, गुळगुळीत, करडा, आपल्या खाणीत सापडत नाही असा. एकाने विचारलं, “ऑर्लीना कॉम्ब्सचं घर हेच?” मी म्हटलं, “हेच.” त्याने टोपी काढली. म्हणाला, “आमची सहानुभूती कळवा घरच्यांना.” मला वाटलं शहरातले लोक चिखलाबद्दलही सहानुभूती ठेवतात.

मी इतकी खूश झाले, एस्टिल. शेजाऱ्यांना हाक मारून दगड झऱ्याच्या खोलीच्या दाराशी बसवून घेतला. नक्षीची बाजू वर. शेजारी एकमेकांकडे बघत होते, मला वाटलं दगड जड आहे म्हणून. त्यावर ताक घुसळायचं मडकं ठेवलं. त्यावर बसून शेंगा सोलल्या. नऊ दिवस. आणि जो कोणी दूध न्यायला येई तो दगडावर पाय न ठेवता उडी मारून आत जाई. ब्रदर टॅलमेज एवढा जाडजूड माणूस, त्यानेही कोकरासारखी उडी मारली. मी म्हटलं, “ब्रदर, पाय ठेवा की, माझ्या नातवाने पाठवलाय.” तो लाल झाला आणि दूध न घेताच गेला.

दहाव्या दिवशी मी इथे आले आणि डेल्झाला म्हटलं, एस्टिलला आभाराचं पत्र लिही. तिने पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. म्हणाली, “मावशी, दगडावर काय लिहिलंय ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

माझं नाव. माझ्या जन्माचं साल, तेही चुकीचं. आणि मरणाची तारीख, ११ फेब्रुवारी १९५३. खाली, उशीर झाला, आजी.

अकरा फेब्रुवारी म्हणजे ज्या दिवशी तू ते गाणं तबकडीवर गायलास तो दिवस, असं डेल्झाने मासिकावरून काढलं. त्या दिवशी मी शिडी लावून छपरावर होते, धुराडं साफ करत. एवढी जिवंत मी कित्येक वर्षांत नव्हते.

मला दगडाचा राग नाही. माणसं आपला दगड आधी करून ठेवतात, तुझ्या आजोबांनीही ठेवला होता. राग याचा की सगळ्या हेझल फोर्कने वाचलं आणि मी वाचू शकले नाही. मी माझ्याच नावावर बसून शेंगा सोलल्या, आणि तुझं कौतुक सांगत बसले.

आणि एक दगड मागितला होता तो चिखलासाठी. आता मीही त्यावर पाय ठेवत नाही, म्हणजे चिखल आहे तिथेच आहे.

×


२१ मे १९५३

एस्टिल,

तुझं पत्र वाचताना डेल्झा एका ठिकाणी खोकली. तिला खोकला नाही. वाक्य गाळायचं असलं की ती खोकते, तेवीस वर्षं मी ओळखते. मी म्हटलं, मागे जा.

मग तिने वाचलं. तू येतो आहेस. रविवारी, मासिकाच्या फोटोवाल्याबरोबर, आजीच्या कबरीपाशी फोटो काढायला. आणि त्या दिवशी मी बुल क्रीकला माझ्या बहिणीकडे राहायला जावं, ‘फक्त दुपारपर्यंत’. आणि दगड तेवढा टेकडीवर नेऊन उभा करून ठेवावा.

सहा वर्षं तुला बोलावते आहे, आणि तू येतोस तो मी नसावं या अटीवर.

लिही डेल्झा. दगड टेकडीवर जाईल, कारण आज ना उद्या तो मला लागेलच. पण दगड जाईल तिथे मीही जाईन.

×


३ जून १९५३

एस्टिल,

तू गेल्यावर तीन दिवस मी बोलले नाही. मांजर घाबरली. आज डेल्झाने पोस्टाच्या खिडकीला आतून कडी लावली आहे आणि म्हणाली, “मावशी, आज मी काही कापणार नाही.” बघू.

मी रविवारबद्दल सांगते. तू तिथे होतास, पण तुझी मान खाली होती, तू काही पाहिलं नाहीस.

तुझा फोटोवाला चांगला मुलगा आहे. ठिपक्यांचा टाय, पायात शहरातले बूट, टेकडी चढताना तीनदा पडला. त्याने मला दगडाजवळून बाजूला केलं. मग परत बोलावलं. म्हणाला, “नाही, आजीबाई, तुम्ही मागे उभ्या राहा, हातात फुलं घेऊन. चेहरा छान आहे तुमचा. दुःखी.” मी म्हटलं, “दुःखी नाही, गुडघा दुखतोय.”

मग विचारलं, “तुम्ही ओळखत होता का यांना?”

ब्रदर टॅलमेजने टोपी छातीशी धरली, तू टोपीची कड डोळ्यांवर ओढलीस.

मी म्हटलं, “ओळखत होते की. जिभेची फार तिखट. कोणाचं ऐकायची नाही. नातवाला लाडावून ठेवलेलं.”

“आणि नातू? भेटायला यायचे का?”

“कामात असायचा,” मी म्हटलं.

त्याने ते वहीत लिहून घेतलं. मी तुला वाचवलं, एस्टिल, हे लक्षात ठेव. मी एक बोट उचललं असतं तर टेक्सास संपला असता. उचललं नाही. का, ते पुढे.

मग तो म्हणाला, “आता बाजा ओठाला.” तू बाजा काढलास. आईचा, तोच, डाव्या कोपऱ्याला पोचा आलेला. ब्रदर टॅलमेज म्हणाला, “कबरीवर वाद्य निघालं तर मी ओळ देणार नाही. मग इथे आज गाणंही नाही.” फोटोवाला म्हणाला, “एकच फोटो, ब्रदर, आवाज नाही काढणार ते.” ब्रदर म्हणाला, “आवाज न काढणारं वाद्य म्हणजे खोटं बोलणंच.” पहिल्यांदाच मला त्याचं म्हणणं पटलं.

तू बाजा ओठाला लावलास. फोटो झाला. पण तू तो काढला नाहीस. तुझी छाती वर गेली, खाली आली, आणि बाजातून काही आलं नाही. श्वास आत घेताना नाही, बाहेर सोडताना नाही. तू माझ्या दगडाकडे पाहत नव्हतास. दोन पावलं डावीकडे, वेस्टाच्या दगडाकडे पाहत होतास. ओढ्यातून आणलेला उभा दगड, एकही अक्षर नसलेला. माझ्या खोट्या मरणाला तीन ओळी, आणि तिच्या खऱ्याला एक नाही.

चाळीस माणसं, फुलं, झाकलेली भांडी, आणि सगळे गप्प. ब्रदर हट्टाला पेटलेला, तुझ्या ओठाला मुका बाजा. मला ते सहन झालं नाही. बाईने ओळ द्यायची नसते हे मला माहीत आहे. चौऱ्याहत्तर वर्षं मी ते पाळलं. पण मी तर मेलेली होते, दगडावर तसं लिहिलं होतं, आणि मेलेल्या बाईने काय करू नये याचा नियम कोणी केलेला नाही.

मी ओळ दिली. “पाणी खोल आहे, पण पल्याड वाट आहे.”

ब्रदरचं तोंड उघडंच राहिलं. आणि मग कोणी ती ओळ उचलली तर तू. बाजा खाली आला आणि तू ती ओळ ओढलीस, तुझ्या आजोबांसारखी, प्रत्येक शब्दाला डोंगर चढवून उतरवून. टेक्सास कुठे गेला कोण जाणे. मग सगळ्यांनी धरली. मी दुसरी दिली, तू उचललीस. तू लहान असताना मी चुलीपाशी ओळ द्यायचे आणि तू कोळशाच्या टोपलीवर बसून उचलायचास. घशाला ते आठवतं, माणूस विसरला तरी.

फोटोवाला कॅमेरा खाली ठेवून उभा होता. त्याने नंतर डेल्झाला विचारलं, “त्या बाई कोण होत्या?” डेल्झा म्हणाली, “शेजारीण.” तेवढ्या खोट्यासाठी डेल्झा प्रार्थनाघरात कबुली देऊन आली आहे.

जेवायला तू थांबला नाहीस. मोटारीपाशी माझ्या हातावर हात ठेवलास आणि हळूच म्हणालास, “आजी, मला उशीर झाला.” फोटोवाल्याने मागून विचारलं, “काय म्हणालात?” तू म्हणालास, “गाण्यातली ओळ आहे.” आणि दार लावलंस.

मला माहीत आहे ती गाण्यातली नाही. तू ती बावीस वर्षांपूर्वी माझ्या ओसरीवर म्हणालास, आणि तेव्हा मी तुला उत्तर दिलं नाही. म्हणूनच मी रविवारी बोट उचललं नाही. आपल्या दोघांपैकी जास्त मोठं खोटं माझं आहे. तुझ्या खोट्यावर निदान नाव कोरलेलं आहे.

आता लिही डेल्झा, आणि हळू लिही.

ऑगस्ट १९३१. वेस्टाला तापाचा अकरावा दिवस. तू तिच्या पलंगाचा पाय धरून बसला होतास, दोन दिवस जेवला नव्हतास. डॉक्टर सकाळी येऊन मान हलवून गेला होता. मला वाटलं, पोराने हे बघू नये. मी तुला म्हटलं, आईला संत्रं हवंय, खाणीच्या दुकानातून घेऊन ये. चार मैल रुळांवरून.

तिने संत्रं मागितलं नव्हतं, एस्टिल. तिने काहीच मागितलं नव्हतं. आणि खाणीच्या दुकानात संत्री फक्त ख्रिसमसला यायची. ऑगस्टमध्ये तिथे संत्रं नसणार हे मला माहीत होतं. म्हणूनच मी संत्रं म्हटलं. रॉकेल म्हटलं असतं तर तू तीन तासांत परत आला असतास.

तू गेलास, आणि ती शुद्धीवर आली. हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ, नाहीतर मी पाठवलं नसतं. तासभर ती अगदी स्वच्छ बोलत होती. तिने दोनदा विचारलं, “एस्टिल कुठेय?” मी दोनदा म्हटलं, पाणी आणायला गेलाय, येईल. तिने उशाखालून बाजा काढला आणि म्हणाली, “त्याला दे. म्हणावं, पाण्यात भिजवून ठेव.” मग ती दाराकडे पाहत राहिली. मी दाराकडे पाहिलं नाही.

तू संध्याकाळी आलास, रिकाम्या हाताने. खाणीच्या दुकानात मिळालं नाही म्हणून तू पुढच्या वस्तीवर गेला होतास, तिथेही मिळालं नाही म्हणून त्याच्या पुढच्या. अनवाणी. आणि ओसरीवर उभा राहून तू मला म्हणालास, “उशीर झाला, आजी.”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी तुझे पाय धुतले, जखमांना चरबी लावली, आणि गप्प राहिले. मला वाटलं, उद्या सांगेन. मग वाटलं, मोठा झाला की सांगेन. मग तू ते गाणं केलंस आणि सगळ्या देशाला सांगत सुटलास की तुला उशीर झाला, आणि मी रेडिओ बंद करत राहिले. बॅटरी वाचवत.

तुला उशीर झाला नव्हता. तुला पाठवलं होतं.

तू माझ्यावर चिडशील. चीड. मी तुझ्यावर चार पत्रं चिडले, आता तुझी पाळी. सहा वर्षं का आला नाहीस हे मला आत्ता कळतंय, कारण त्या ओसरीवर पाय ठेवला की तू पुन्हा आठ वर्षांचा होतोस. मी तुला विसराळू म्हणत होते. तू त्यातलं काहीच विसरला नव्हतास.

गाणं बदलू नकोस. लोकांना आवडतं, डुकरालाही आवडतं. कंपनीला मी मेलेलीच बरी, तर तसंच राहू दे, फक्त हेझल फोर्कमध्ये मी जिवंत राहीन. पण तो घोडे हाकणारा म्हातारा काढून टाक. बाजा कोणाचा ते सांग. आणि वेस्टाच्या दगडावर अक्षरं घाल. तिचं नाव. बाकी काही नको. ते मला वाचता येणार नाही, पण मी बोटाने चाचपून पाहीन.

रविवारची तुझी ताटली मी झाकून ठेवली होती, शेवटी ब्रदर टॅलमेजने खाल्ली. बाईने ओळ दिली म्हणून तो माझ्यावर रागावलाय, पण जेवायला रागावला नाही.

आता शेवटचं. बावीस वर्षांपूर्वी मी तुला एका कामाला पाठवलं होतं, ते अजून राहिलंय. एक संत्रं पाठव. पेटी नको, कंपनीकडून नको, सेक्रेटरीकडून नको. दुकानात स्वतः जा, टोपी काढून जा, आणि हाताने निवड. आता म्हणे ऑगस्टमध्येही मिळतात, तरी तोवर थांबू नकोस. अर्धं मी खाईन, अर्धं तिच्या दगडावर ठेवीन, तिथे डुकराला जाऊ देणार नाही. कागदात गुंडाळ, आणि वर माझं नाव घाल, म्हणजे डेल्झा उघडून वाटेत खाणार नाही. आणि जाड सालीचं नको रे, माझे तीनच दात उरलेत.

×